कच्च्या कैद्याची मानसिक आजाराची औषधे तुरुंगात सुरू ठेवायची कशी?

नदीकाठ: स्किझोफ्रेनियाचा रुग्ण न्यायालयीन कोठडीत आहे, क्लोझापिन (या आजाराचे औषध) सुरू होते. घरून नेलेल्या गोळ्या गेटवर घेत नाहीत. अर्ज कुणाकडे करायचा?

तारीख_पे: गेटवर वाद घालू नका. डिस्चार्ज कार्ड आणि ताज्या प्रिस्क्रिप्शनचे तीन संच करा: अधीक्षक, कारागृहाचे वैद्यकीय अधिकारी आणि न्यायालय. औषधाचे मूळ नाव, मिलिग्रॅम व वेळ ठळक लिहा. ब्रँडच्या नावावर घोळ होतो. प्रत्येक प्रतीवर पोच घ्याच.

गोळीपुडी: औषधात किती दिवसांचा खंड पडला, हेही लिहा. क्लोझापिन ४८ तासांपेक्षा जास्त चुकले तर जुना डोस एकदम देत नाहीत. रक्तदाब घसरतो, झटके येऊ शकतात. साडेबारा मिलिग्रॅमपासून पुन्हा चढवावे लागते. शिवाय नियमित रक्ततपासणी (पांढऱ्या पेशी) हवीच. ती विसरली जाते, म्हणून अर्जात मागा.

तारीख_पे: बरोबर. कायद्याचा आधार: मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७, कलम १०३. तुरुंगात मनोरुग्ण कक्ष नसेल तर मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाच्या (याच कायद्याखालील मंडळ) पूर्वपरवानगीने बाहेरच्या मानसिक आरोग्य संस्थेत हलवता येते. राज्यात येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. आरोपीला खटलाच समजत नसेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३६७ किंवा ३६८, आणि सुटकेसाठी ३६९. तिथे उपचारांची हमी देणारा नातेवाईक किंवा मित्र लागतो. इथेच बहुतेक अर्ज अडतात.

नदीकाठ: वकील नाही.

गोळीपुडी: जिल्हा विधी सेवा प्राधिकरण मोफत वकील देते. कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट नाही. फोन १५१००.