रोटरी टूलने मॉडेल कारची बॉडी कापताना प्लास्टिक वितळतंय – मदत हवी आहे

मडगार्ड:
नमस्कार मंडळी,

१/२४ मापाच्या एका स्पोर्ट्स कारच्या बॉडीवर काम करते आहे. मागे किटमधल्यापेक्षा मोठी, रुंद चाकं बसवायची आहेत. त्यासाठी मागचे दोन्ही व्हील आर्च, म्हणजे चाकांवरच्या बॉडीतल्या कमानी, साधारण दीड मिलिमीटरने वाढवून त्यावर फ्लेअर, म्हणजे बाहेर आलेल्या रुंद कडा, चढवायचे आहेत. शिवाय बॉनेटवरची हवेची भोकं आरपार उघडायची आहेत. किटमध्ये ती नुसती खोलगट आहेत, आणि कितीही काळा रंग भरला तरी भोकं वाटत नाहीत.

हाताशी वेग बदलता येणारं रोटरी टूल (हातात धरून छोटं बिट गरगर फिरवायचं यंत्र) आहे, पण त्याचा सगळ्यात कमी वेगच मिनिटाला १०,००० फेऱ्या आहे. सध्या जुन्या बॉडीच्या तुकड्यावर हात बसवते आहे. बिट टेकवलं की सुरुवातीला छान भुगा उडतो, मग एकाएकी प्लास्टिक मऊ पडतं, बिटाभोवती गोळा होतं आणि कापलेल्या फटीत मागून परत चिकटतं. गार झाल्यावर कडेला टणक वळी उरते.

याच टूलने काम होईल का? बिट कोणतं घ्यावं? आणि डावा-उजवा आर्च हुबेहूब सारखे यावेत म्हणून तुम्ही काय करता? मुख्य बॉडी एकच आहे, तिच्यावर फार जीव आहे, त्यामुळे नीट समजून घेऊनच हात लावायचा आहे.

सुटेभाग:
आधी दोन गोष्टी सांगा. बॉडी स्टायरिनचीच, म्हणजे पॉलिस्टायरिन प्लास्टिकचीच आहे ना? रेडिओ कंट्रोलच्या बऱ्याच गाड्यांची पातळ पारदर्शक बॉडी पॉलिकार्बोनेटची असते. ती वाकड्या पात्याच्या कात्रीने सुरेख कापली जाते, तिथे हे टूल लागतच नाही. आणि आत्ता बिट कोणतं लावलंय?

मडगार्ड:
स्टायरिनच. पातळ सिमेंट (मॉडेल जोडायचा, प्लास्टिक विरघळवणारा गोंद) लावलं की विरघळतं. टूलसोबत आलेली हिऱ्याच्या पुडीची बिटं आणि कटिंग डिस्क, दोन्ही वापरून पाहिली. डिस्कने तर फारच वितळतं.

कानस_करवत:
डिस्कने जास्त वितळणारच. पॉलिस्टायरिन १०० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडतं आणि उष्णता जवळजवळ पसरूच देत नाही. घर्षणाची सगळी धग कापलेल्या जागीच साचते.

त्यामुळे डायलवरच्या आकड्यापेक्षा बिटाच्या कडेचा वेग महत्त्वाचा. १०,००० फेऱ्यांना ३ मिलिमीटर व्यासाच्या बिटाची कड मिनिटाला साधारण ९४ मीटर धावते. त्याच फेऱ्यांना २४ मिलिमीटरची डिस्क साधारण ७५० मीटर. म्हणजे डायल तळाला असूनही डिस्क आठपट वेगाने घासत असते. स्टायरिनसाठी डिस्क बाजूलाच ठेवा. सरळ काप हवा असेल तिथे पातळ पात्याची हातकरवत घ्या.

हिऱ्याचं बिट काच आणि दगडासाठी उत्तम, पण त्याच्या दाण्यांमध्ये किस बाहेर पडायला जागा नसते. ते लगेच भरतं, आणि भरलेलं बिट कापायचं सोडून नुसतं घासतं. कार्बाइडचं, कमी आणि खोल दात असलेलं, दोन-तीन मिलिमीटरचं बिट घ्या. दाबू नका. क्षणभर टेकवा, उचला, पुढच्या जागी टेकवा. बिट ज्या दिशेला पळू बघतं त्याच्या उलट दिशेने सरकवा, म्हणजे ते आखलेल्या रेषेवरून उडी मारत नाही. दातांत प्लास्टिक अडकलंच तर टूल बंद करून गार होऊ द्या. गार झालेलं स्टायरिन सुईच्या टोकाने टचकन निघतं, गरम असताना ओढलं तर आणखी रुतून बसतं.

प्रायमर:
आर्चबद्दल सांगतो. पातळ स्टायरिन शीटचा एकच साचा कापा. दाराच्या मागच्या रेषेला आणि खालच्या कडेला टेकेल असा. एका बाजूला आखून झालं की तोच उलटा करून दुसऱ्या बाजूला लावा. कंपासने दोन्हीकडे वेगवेगळं आखलं की केंद्र किंचित सरकतं, आणि गाडी मागून पाहिली की लगेच कळतं.

टूल रेषेच्या अर्धा मिलिमीटर अलीकडे थांबवा. उरलेलं हाताने. आर्चच्या व्यासापेक्षा जरा लहान पाईप घेऊन त्याला २४० नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळा, मग ४०० चा. गोल कानसही चालेल, पण ती आर्चपेक्षा फारच बारीक असेल तर कडेला लाटा पडतात.

सुटेभाग:
मी टूलला १३ मिलिमीटरचा सँडिंग ड्रमही (पॉलिश पेपर चढवलेला फिरता गोल) लावतो. पेपर जाडाभरडा, ६० नंबरचा लावायचा. बारीक पेपर जास्त तापवतो, कारण त्याची पीठ झालेली धूळ तिथेच अडकते.

कानस_करवत:
जाड पेपरचं बरोबर. तरी १०,००० फेऱ्यांना त्या ड्रमची कड ४०० मीटरच्या वर जाते, त्यामुळे नवख्या हातात मी तो देणार नाही.

बॉनेटची भोकं मला सगळ्यात आवडतात, म्हणून जरा सविस्तर. वरून कापायचंच नाही. बॉनेट पालथं करून आतल्या बाजूने गोल टोकाच्या कार्बाइड बिटाने पातळ करत जा. दुसऱ्या हाताचं बोट वरच्या बाजूला, त्याच जागेच्या शेजारी टेकवलेलं ठेवा. बोटाला ऊब लागली की थांबायचं. नाहीतर वरच्या सपाट पृष्ठभागावर एक चकाकता फुगवटा येतो, आणि तो रंग दिल्यावरच नीट दिसतो. मधूनमधून दिव्यासमोर धरा. फिकट प्लास्टिक असेल तर पातळ झालेली जागा उजळते. खोलगट भागातून उजेड स्पष्ट यायला लागला की टूल ठेवून द्या आणि नव्या पात्याच्या टोकाने ते पापुद्र्याएवढं प्लास्टिक कापून काढा. कडा किटच्याच राहतात, त्यामुळे त्या रेखीव येतात.

रिमझिम:
वेग कमी करायला बाहेरून पंख्याचा रेग्युलेटर जोडला तर?

कानस_करवत:
टूलमध्ये इलेक्ट्रॉनिक वेगनियंत्रण असेल तर मुळीच नको, दोन्ही एकमेकांशी भांडतात. शिवाय टूलच्या आतला पंखा मोटरच्याच दांड्यावर असतो, तो मंदावला की मोटर तापते. पुढे खर्च करायचाच झाला तर ५,००० फेऱ्यांपासून सुरू होणारं बॅटरीवरचं छोटं टूल घ्या. त्यात जोर कमी असतो हा इथे फायदाच आहे. जास्त दाब पडला की ते वितळवण्याऐवजी अडतं.

चष्मा आणि धुळीचा मास्क मात्र दर वेळी. केस मोकळे नकोत.

मडगार्ड:
सगळ्यांचे मनापासून आभार! कार्बाइडचं बिट आणलं. त्याच टूलवर, त्याच वेगाला आता पांढरे कोरडे कण उडतात, गोळा होत नाही. बोट टेकवून ठेवायची युक्ती तर फारच कामाची.

आणखी दोन शंका. आधीची टणक वळी पुट्टीखाली झाकू का? आणि फ्लेअर सिमेंटने चिकटवून लगेच घासले तर चालतील का?

प्रायमर:
वळी झाकू नका. ती वर आलेली असते, पुट्टीचा थर उगाच जाड होईल. पातं कडेशी काटकोनात धरून खरवडा, पापुद्रे निघत जातात.

फ्लेअर लावण्याआधी आर्चच्या आतून अर्ध्या मिलिमीटरच्या स्टायरिनची पट्टी चिकटवा. घासून पातळ झालेल्या कडेला आधार मिळतो आणि जोडही रुंद होतो. लगेच मात्र घासू नका. सिमेंट प्लास्टिक विरघळवूनच जोडतं, त्यामुळे सांधा वरून कोरडा दिसला तरी आत मऊ असतो आणि बिट लागताच पुन्हा तोच गोळा होईल. किमान एक पूर्ण दिवस ठेवा, जाड सांधा असेल तर दोन. नंतर सांध्यात बारीक खळगा पडलेला दिसेल. पुट्टी तिथे भरा.