एकाच साइटवर सीएसएस आणि बेदाणा: वेगळं करू का?

सीएसएसवाली
मी पुण्यात फ्रंटएंडचं, म्हणजे वेबसाइटच्या दिसणाऱ्या भागाचं, काम करते, माहेर तासगावजवळ. चार वर्षांपूर्वी ह्यूगोवर (साध्या फाइलींतून साइट बनवणारं साधन) स्वतःची साइट काढली. आधी फक्त कामाचं लिहायचे: पानाची मांडणी ठरवणाऱ्या सीएसएसमधले ग्रिड, फ्लेक्सबॉक्स, कुठला बग कसा सापडला. मग एका एप्रिलात घरी द्राक्षबागेची खरड छाटणी चालू होती, नेट दोन दिवस गायब, म्हणून छाटणीवरच लिहिलं. तिथून गाडी जी घसरली ती घसरलीच. आता ६१ नोंदींतल्या वीस तरी बाग, बेदाणा शेड, आई आणि आमचे घरमालक यांच्यावर आहेत.

मागच्या महिन्यात मुलाखतीत समोरच्याने साइट उघडली. नेमकं सगळ्यात वर 'डिपिंगचं पाणी'. द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून काढली की सालीवरचा मेणाचा थर विरतो, मग शेडमध्ये जाळीवर पसरली की उन्हाशिवाय पंधरवड्यात बेदाणा होतो, असं सगळं. तो हसला. "हे इथे कशाला?" नोकरी नाही मिळाली, ते सोडा. पण दोन वेगळी डोमेन घेऊ का? दोन दोन संसार करायला वेळ नाही, हेही खरं.

जुना_खोंड
ताई, नका करू. मी केलं होतं. कामाची साइट पैसे भरून, घरची फुकटच्या होस्टिंगवर. फुकटवाल्यांनी दुकान बंद केलं, तसा मेल आला होता म्हणे. मी तो मेल वर्षभर उघडलाच नव्हता. थोरलीच्या बारशाची नोंद गेली. कामाची अजून आहे, त्यात आयई ६ या जुन्या ब्राउझरचे उपाय आहेत. कोणाला हवेत ते आता?

सेमिकोलन
साइट एक, फीड (वाचकांना नव्या नोंदी कळवणारी यादी) दोन. ह्यूगो प्रत्येक विभागाची आरएसएस फीड आपोआप बनवतो. काम आणि घर असे दोन फोल्डर करा, बायोडेटात फक्त कामाची लिंक द्या. नोंदी हलवताना फ्रंटमॅटरमध्ये (नोंदीच्या वरच्या माहितीत) अलायसेस, म्हणजे जुने पत्ते, लिहायला विसरू नका, नाहीतर जुन्या लिंका मेल्या.

फोल्डरची नावं मात्र रोमनमध्येच. यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायची वेबवरची नेहमीची पद्धत) देवनागरी अक्षर तीन बाइटचं, आणि लिंक कॉपी केली की एकेका बाइटची टक्क्याच्या खुणेसकट तीन चिन्हं होतात. म्हणजे 'घर' या दोन अक्षरांची १८! आमच्या मावशीने अशी लिंक बघून मला व्हायरस पाठवला म्हणून ब्लॉक केलं होतं.

जाता जाता: साइट बघितली. तुमचा ल हिंदीसारखा दांडीचा दिसतोय. पानाच्या एचटीएमएल टॅगमध्ये भाषा 'एचआय' (हिंदी) आहे का? 'एमआर' (मराठी) करा. फाँटमध्ये सोय असेल तर पाकळीचा ल आणि देठाचा श आपोआप येतो.

ठाण्याची_शेजारीण
सेमिकोलनला +१. पण आधी फोटो बघ गं. शेडचा फोटो मी उतरवून पाहिला, त्यात जीपीएसचं ठिकाण तसंच आहे. थेट नकाशावर तुमची शेड! आत माल असताना हे बरं नव्हे. मुलाखतवाल्याचं नंतर बघू.

सीएसएसवाली
बाप रे, फोटोंचं लक्षातच नव्हतं. रात्री बसून सगळ्यांतलं लोकेशन काढलं. फोटोतली अशी माहिती पुसणाऱ्या एक्सिफटूलची एक ओळ, तेवढंच काम होतं.

आणि हो, 'एचआय'च होतं! एका जुन्या प्रोजेक्टची कॉन्फिग (सेटिंगची फाइल) उचलली होती, तिथून आलं. माहेरी अप्पा वर्षभर म्हणतायत, "तुझा ल असा हिंदीच्या पुस्तकातला का?" मी सांगायचे, तुमचा फोन जुना झालाय.

दोन फोल्डर केले. डोमेन एकच. बदल झाल्यावर अप्पांना लिंक पाठवली. तासाभरात फोन: ल बरा झालाय, पण ऑइलचं प्रमाण चुकवलंयस, लोक वाचून तसंच करतील. दुरुस्ती टाकली आहे, तारीख घालून.