चिकोरीवाली कॉफी म्हणजे निम्म्या पैशांची मुळं

दाणेवाला
परवा सासुरवाडीला, सदाशिव पेठेत, कॉफी झाली. पुडा उचलून पाहिला: कॉफी ५३ टक्के, चिकोरी, म्हणजे एका झाडाची भाजलेली मुळं, ४७. कायद्याने चिकोरी ४९ टक्क्यांपर्यंत चालते, हा पुडा त्या रेषेला टेकलाच होता. शेजारच्या कर्नाटकात देशातली साधारण ७० टक्के कॉफी पिकते आणि आपण इथे भाजलेली मुळं उकळून पितोय!

माझं मत स्पष्ट आहे. अख्खे दाणे घ्या, पुड्यावर भाजल्याची तारीख असेल तरच घ्या आणि एका वेळी पाव किलोच्या वर घेऊ नका. महिन्याभरात वास उडतो, मग ते दाणे कितीही भारी मळ्यातले असोत. मशीनवर पैसे घालण्याआधी ग्राइंडर घ्या, तोही जात्यासारखा भरडणारा, दातेरी चकत्यांचा. घरातला मिक्सर दाणे तोडतो. त्यात थोडं पीठ होतं, थोडे तुकडे राहतात. पीठ कडू उतरतं, तुकडे आंबट, आणि दोन्ही एकाच कपात. मग लोक म्हणतात, कॉफी आम्हाला मानवत नाही.

१५ ग्रॅम कॉफीला २४० मिली पाणी. काटा वापरा, चमचा नको.

पितळी फिल्टर
साहेब, आधी एक सांगा. दूध घालता का?

कारण सगळं तिथेच ठरतं. तुमची ती हलकी भाजलेली, लिंबाच्या सालीसारखी लागणारी अरेबिका, ती नाजूक चवीची कॉफीची जात, म्हशीच्या सायीच्या दुधात ओता आणि शोधा कुठे गेली ते. दुधाला टक्कर द्यायला गडद भाजणी लागते, थोडा रोबस्टा, म्हणजे कडक, कडवट जात, लागतो आणि हो, चिकोरीही. चिकोरीत कॅफीन नसतं, पण ती रंग देते, दाटपणा देते. शिवाय ती पाणी धरून ठेवते, त्यामुळे डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा अर्क, सावकाश आणि घट्ट उतरतं. नुसत्या कॉफीवर पाणी ओतलं की फिल्टरमधून भसकन खाली जातं, हे करून पाहिलेल्यालाच कळेल.

४७ टक्के मीही घेत नाही, ती चोरीच आहे. माझं प्रमाण ८०-२०. ८० मध्ये निम्मी प्लांटेशन ए (अरेबिकाची एक प्रत), निम्मा रोबस्टा, समोर दळून घेतलेला. फिल्टरच्या वरच्या, तळाला भोकं असलेल्या भांड्यात तीन मोठे चमचे पूड, तिच्यावर भोकांच्या चकतीचा दट्ट्या अलगद ठेवायचा (दाबलात की थेंबही उतरणार नाही), गरम पाणी, झाकण, आणि वीस मिनिटं फिल्टरला हात लावायचा नाही. पहिल्या धारेची कॉफी पाहुण्यांना. त्याच चुऱ्यावर पुन्हा पाणी घालून काढलेली दुसरी धार आपल्याला.

दाणेवाला
दूध घालतो. कधीकधी. पण म्हणून मुळं?

नुसती कोरी
दोघंही पाण्याबद्दल गप्प आहात. कपात जवळजवळ सगळं पाणीच असतं हो.

सिंहगड रोडला होतो तोवर नळाला खडकवासल्याचं पाणी, कॉफी छान व्हायची. वाघोलीला आलो आणि बोअर-टँकर सुरू झाले. तीच फ्रेंच प्रेस (जाळीच्या दट्ट्याने चुरा खाली दाबायचं भांडं), तीच भरड, चार मिनिटं घड्याळ लावून, तरी कॉफी मचूळ, खडूसारखी. मी दाण्यांना दोष देत तीन ठिकाणचे पुडे बदलले. जड पाण्यातले क्षार कॉफीचा आंबटपणा मारतात, हे फार उशिरा डोक्यात आलं. मग आरओ बसवलं, तर उलटीच गंमत: पाणी इतकं निर्जीव की कॉफी पुळचट. आता आरओच्या पाण्यात चौथाईभर बोअरचं, उकळून निवळलेलं पाणी मिसळतो. बायको याला प्रयोगशाळा म्हणते.

आणि थर्मामीटर घ्यायच्या भानगडीत पडू नका. पुणं ५६० मीटर उंचीवर आहे, इथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. गॅस बंद करून अर्धा-पाऊण मिनिट थांबलात की कॉफीला हवं तेवढंच उरतं.

भाजणीवाली
दाणेवाले, ताज्याचा इतकाही सोस नको. भाजल्यावर दाण्यात कार्बन डायऑक्साइड कोंडलेला असतो. दुसऱ्याच दिवशी केलीत तर नुसता फेस येतो, चव येत नाही. आठवडाभर थांबा. आणि कृपा करून पुडा फ्रीजमध्ये लसणाच्या चटणीशेजारी ठेवू नका.

जायफळ
आमच्या घरी कॉफी म्हणजे दूध, साखर, चिमूटभर पूड आणि वर किसलेलं जायफळ. रात्री जागरण असलं की मोठ्या पातेल्यात. अरेबिका की चिकोरी असं जायफळापुढे कुणीही विचारलेलं आठवत नाही.

बाकी जावयांनी सासरच्या स्वयंपाकघरात शिरून पुड्यावरची टक्केवारी वाचणं थांबवावं, ही नम्र विनंती.

हिशोबी
दाणेवाले, तुमच्यासारखा पाव किलो पुडा मला ४८० ला पडतो. पंधरा ग्रॅमने सोळा कप, म्हणजे कपाला तीस रुपये, दूध वेगळं. घरात पाच माणसं, दिवसाला दोनदा. ग्राइंडर आपला तुम्हीच घ्या.

दाणेवाला
हिशोबी, पाच जणांना रोज दोनदा द्यायची तर फिल्टरच परवडेल, मान्य. कोरी प्यायची असेल तर मात्र मी माघार घेणार नाही. त्यात चिकोरी म्हणजे जळकी साखर लागते.

पितळी फिल्टर, तुमचं ८०-२० दळून घेतलं आणि रविवारी सासऱ्यांकडे नेलं. फिल्टर शेजाऱ्यांचा. वीस मिनिटं कुणी कुणाशी बोललं नाही, सगळे भांड्याकडे बघत बसले होते. सासऱ्यांनी दोन घोट घेतले, म्हणाले, "बरी आहे. जरा पातळ आहे." मग सासूबाईंना हाक मारली आणि जायफळ मागितलं.

पितळी फिल्टर
दट्ट्या दाबला होतात का?