नव्या खाणी चालू होतायत, पण जुने डंप आणि खड्डे कोण निस्तरणार?

डिचोलीकर: २०१८ ला सुप्रीम कोर्टाने गोव्यातल्या लोहखनिजाच्या ८८ लीज (खाणपट्टे) रद्द केल्या, ट्रक थांबले, मातीचे डंप (ढिगारे) मात्र जिथल्या तिथे. एक टन मिनरल काढायला अडीच-तीन टन माती बाजूला टाकलेली, पाऊस लागला की तीच लाल माती वहाळातून (ओढ्यातून) शेतात. वडिलांनी दोन वर्षं गाळ उपसला, तिसऱ्या वर्षी शेत पड टाकलं. आता लिलाव होऊन परत सुरुवात झालीय. जुनं साफ केल्याशिवाय नवीन खड्डा नको, बस्स.

ट्रकवाला साखळी: दादा, शेताचं दुःख कळतं, पण २०१२ च्या खाणबंदीत आणि परत २०१८ ला धंदा बसला तेव्हा बँकेचे हप्ते आम्ही कसे भरले ते आमचं आम्हाला माहीत. आणि साफसफाईला पैसा खाणीतूनच येणार ना? डंपात कमी ग्रेडचं मिनरल आहे ते विका, डंपही हलेल.

रानवाट: डंपवर रुजलेली झाडं उपटली की पहिल्याच पावसात सगळा उतार खाली येईल. आधी पायथ्याला दगडी बांध, गाळ अडवायला तळी, मग हात लावा.

डिचोलीकर: झाडं कसली हो, अकेशिया! खाली गुरांना चारा मिळतो का? २०२० मध्ये कोर्टाने सांगितलंय की खाण संपली की तिथे परत गवत उगवून द्यायचं, ही अट लीजमध्येच घाला.

विहीरकाठ: खड्डे बुजवा म्हणणाऱ्यांना माझा विरोध आहे. खाण चालू होती तेव्हा रात्रंदिवस पंप लावून पाणी बाहेर काढायचे आणि आमची विहीर मार्चमध्येच तळ दाखवायची, पंप थांबले, खड्डा भरला तसं विहिरीलाही पाणी टिकायला लागलं. कुंपण घाला, कडा नीट उतरत्या करा, पण पाणी राहू द्या.

हिशेबनीस: मुद्दा पैशाचा आहे. मोठ्या खाणींना बंद करतानाच्या कामासाठी हेक्टरी ५ लाखांची हमी ठेवावी लागते, २०२१ च्या आधी ३ लाखच होती. डोंगराएवढा डंप आणि ५ लाख? हमी खऱ्या खर्चाएवढी घ्या, तीही आधी.

ट्रकवाला साखळी: एवढी हमी मागितली तर छोटा माणूस खाण घेणारच नाही, सगळं बड्यांच्याच हातात जाईल. गाळ काढायला माझा टिपर डिझेलच्या खर्चात देतो, पण खाण थांबवा म्हणू नका.

डिचोलीकर: टिपर आणा, शेत दाखवतो. पण गाळ टाकायचा कुठे ते आधी ठरवू, वहाळाकाठी ओतला तर जूनमध्ये परत माझ्याच शेतात येईल.