एनडीआयएसची नोंदणी सर्व सेवादात्यांना सक्तीची करावी का?

पाऊलवाट:
ऑस्ट्रेलियातील एनडीआयएस ही अपंग व्यक्तींसाठीची राष्ट्रीय विमा योजना २०१३ मध्ये प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली. आज ६ लाखांहून अधिक लोक तिचा लाभ घेतात. सपोर्ट वर्कर म्हणून काम केल्यानंतर आता मी दोन सहकाऱ्यांसह लहान संस्था काढून नोंदणीसाठी अर्ज करत आहे. नोंदणीवाचून काम मिळत असताना हा खटाटोप कशासाठी, असे परिचित विचारतात. त्यांचे म्हणणे वस्तुस्थितीला धरून आहे. योजनेतून मिळणारा ज्यांचा निधी एनडीआयए, म्हणजे योजना चालवणारी सरकारी संस्था, स्वतः सांभाळते, त्यांनाच नोंदणीकृत संस्थेकडून सेवा घ्यावी लागते. जे तो स्वतः सांभाळतात किंवा निधीचा हिशेब पाहणाऱ्या प्लॅन मॅनेजरकडे सोपवतात, त्यांना नोंदणी नसलेल्या व्यक्तीलाही बोलावता येते. त्यामुळे नोंदणी नसलेल्यांची संख्या नोंदणीकृतांच्या कित्येक पट आहे.

तरीही अंघोळ घालणे, कपडे बदलणे, औषध देणे, रात्री सोबतीला राहणे अशी कामे करणाऱ्या प्रत्येकाला नोंदणी सक्तीची असावी, असे माझे ठाम मत आहे. योजनेची आचारसंहिता नोंदणी नसलेल्यांनाही लागू आहे, त्यांच्याविरुद्ध नोंदणी देणाऱ्या गुणवत्ता व सुरक्षा आयोगाकडे तक्रार करता येते आणि आयोग त्यांच्यावर बंदीही घालू शकतो, हे मला मान्य आहे. परंतु जोखमीच्या कामावरील माणसांची पार्श्वभूमी तपासून घेणे, मृत्यू, गंभीर दुखापत किंवा अत्याचाराची घटना २४ तासांत आयोगाला कळवणे आणि बाहेरच्या ऑडिटरला आपले काम दाखवणे ही बंधने केवळ नोंदणीकृतांवर आहेत. बाकी सर्व व्यवस्था कोणीतरी तक्रार करील या गृहीतकावर उभी आहे. ज्या व्यक्तीला बोलता येत नाही आणि जिच्याकडे येणारा एकमेव माणूस तिचा सेवकच आहे, तिची तक्रार कोण करणार?

सायली:
पाऊलवाट यांच्या तळमळीबद्दल मला आदर आहे, परंतु सक्तीला माझा विरोध आहे. माझ्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे आणि त्याचा निधी आम्हीच सांभाळतो. पूर्वी आम्ही एका नोंदणीकृत संस्थेकडून सेवा घेत होतो. तेथून सतत नवा माणूस येई, आणि माझ्या मुलाच्या नजरेचे अर्थ त्याला समजू लागेपर्यंत दुसराच कोणी दारात उभा असे. संस्थेची कागदपत्रे निर्दोष होती. आता त्याच्याकडे येणारा विद्यापीठातील तरुण त्याने स्वतः निवडलेला आहे, आणि पार्श्वभूमी तपासणीचा दाखला आम्ही नियमाने बंधनकारक नसतानाही मागून घेतला. उद्या नोंदणी सक्तीची झाली, तर हा तरुण ऑडिटच्या भानगडीत पडणार नाही. तो दुसरे काम शोधील आणि माझ्या मुलाचा निर्णय सरकारने घेतल्यासारखे होईल. सेवा कोणाकडून घ्यायची हे अपंग व्यक्तीनेच ठरवावे, यासाठीच तर ही योजना आली.

शिवाय २०२० मध्ये ॲडलेड येथे एका अपंग महिलेचा भीषण हेळसांडीमुळे मृत्यू झाला. तिची देखभाल एकच सेविका करत होती आणि त्या सेविकेला पाठवणारी संस्था नोंदणीकृत होती. नोंदणीने त्या महिलेला काय दिले?

जुना वाचक:
मी फिजिओथेरपिस्ट असून एकट्याने व्यवसाय करतो. व्यवसायाची राष्ट्रीय नोंदणी, विमा आणि सातत्याने घ्यावे लागणारे प्रशिक्षण यांची पूर्तता मी आधीच करतो. कमी जोखमीच्या सेवांसाठी ‘व्हेरिफिकेशन’ म्हणजे कागदपत्रांची तपासणी पुरते, आणि तेवढ्यावर माझी हरकत नव्हती. परंतु लहान मुलांसाठीच्या आरंभिक सेवांचा गट अर्जात घेतला, की ‘सर्टिफिकेशन’ लागू होते. त्यात ऑडिटर प्रत्यक्ष येतो, धोरणे पाहतो आणि कुटुंबांशी बोलतो. नोंदणी साधारणतः ३ वर्षांची असते आणि तिच्या मध्यावर पुन्हा एक ऑडिट होते. ऑडिटरचे पैसे आपणच भरायचे. कमाल दर मात्र नोंदणीकृत आणि नोंदणी नसलेल्या थेरपिस्टना सारखेच आहेत, म्हणजे ज्याने अधिक उत्तरदायित्व स्वीकारले त्यालाच तोटा. या हिशेबामुळे अनेक चांगले लोक नोंदणी सोडून देतात, आणि सक्ती आली तर ते ही योजनाच सोडतील. खेड्यापाड्यांत, जिथे एखादाच थेरपिस्ट आहे, तिथे त्याची झळ रुग्णालाच बसेल.

पाऊलवाट:
दरांविषयी जुना वाचक यांचे म्हणणे मला पूर्णपणे पटते. ऑडिटचा खर्च लहान संस्थांना सरकारने भरून दिला पाहिजे.

ॲडलेडच्या घटनेविषयी मात्र सायलीताईंशी मी असहमत आहे. तिच्या चौकशीनंतर माजी न्यायाधीश ॲलन रॉबर्टसन यांनी शिफारस केली, की अशा असुरक्षित व्यक्तीची सारी देखभाल एकाच सेवकाच्या हाती राहू नये. पुढे एकट्या राहणाऱ्यांच्या वैयक्तिक सेवेवर देखरेखीची अट घालण्यात आली, पण ती नोंदणीची अट म्हणूनच घालता आली आणि म्हणून ती केवळ नोंदणीकृत संस्थांना बांधते. नोंदणीने त्या महिलेला वाचवले नाही, हे दुःखद सत्य आहे. तरीही चूक लक्षात आल्यावर ती सुधारण्यासाठी आयोगाच्या हातात जे साधन होते, ते नोंदणीचेच होते. त्याच परिस्थितीत आज नोंदणी नसलेला सेवक असेल, तर ही अट त्याला लागूच होत नाही.

संहिता:
चर्चा ‘सर्वांना सक्ती’ आणि ‘कोणालाच नको’ या दोन टोकांत अडकू नये. २०२३ च्या एनडीआयएस पुनरावलोकनाने जोखमीनुसार चार पायऱ्या सुचवल्या होत्या, ज्यांत सर्वांत खालची पायरी केवळ नाव नोंदवण्याची होती. त्यावर नेमलेल्या नताली वेड यांच्या कृतिगटाने २०२४ मध्ये, जे लाभार्थी स्वतःची माणसे स्वतः नेमतात त्यांच्यासाठी वेगळ्या नोंदणीची शिफारस केली. सायलीताईंची अडचण तिथे ओळखली गेली आहे. सध्याच्या निर्णयानुसार सक्ती टप्प्याटप्प्याने वाढते आहे. सामायिक निवासात दैनंदिन मदत देणाऱ्या संस्था आणि ऑनलाइन मंचांद्वारे माणसे पुरवणाऱ्या कंपन्या यांना १ जुलै २०२६ पासून ती लागू होते.

या पायऱ्या सेवेच्या प्रकारावरून ठरवल्या जातात, हे मात्र मला अपुरे वाटते. भरल्या घरात अंघोळ घालणे आणि ज्या घरात दुसरे कोणी फिरकत नाही तिथे अंघोळ घालणे, यांची जोखीम एक कशी असेल?

सायली:
संहिता यांचा मुद्दा मी मनापासून स्वीकारते. पार्श्वभूमीची तपासणी सर्वांना सक्तीची करा, नाव नोंदवणेही सक्तीचे करा. मी विरोध करणार नाही. ऑडिट मात्र जिथे व्यक्ती एकटी आहे तिथेच लावा. आणखी एक अपेक्षा आहे. सर्टिफिकेशनमध्ये ऑडिटर लाभार्थ्यांशी बोलतो, असे म्हटले जाते. माझा मुलगा नजरेने चालणाऱ्या यंत्रावर एक वाक्य जुळवायला कित्येक मिनिटे घेतो. त्याच्यासाठी ऑडिटर तेवढा वेळ थांबणार नसेल, तर तो माझ्याशी बोलून जाईल आणि माझेच उत्तर माझ्या मुलाचे म्हणून लिहून घेईल.

पाऊलवाट:
सायलीताई, याचे उत्तर आज माझ्याकडे नाही. नाव नोंदवणे आणि तपासणी यांपुरते आपले एकमत झाले आहे, पण घरात नातेवाईक असले म्हणजे व्यक्ती सुरक्षित असते, हे मी अजूनही मानत नाही; काही घरांत धोका नातेवाइकांकडूनच असतो, आणि तो सेवकाच्याच दृष्टीस पडू शकतो. सेवकाला ते कोणाला कळवायचे हे ठाऊक असावे, म्हणूनही मला नोंदणी हवी आहे. माझा ऑनलाइन अर्ज भरून झाला आहे, मानकांनुसार स्वमूल्यमापन जोडले आहे आणि आता मान्यताप्राप्त ऑडिटरांकडून दरपत्रके मागवायची आहेत. शब्दांशिवाय संवाद साधणाऱ्या व्यक्तीशी आपण कसे बोलता आणि त्यासाठी किती वेळ राखून ठेवता, हे मी प्रत्येकाला लेखी विचारणार आहे. मिळतील ती उत्तरे, संस्थांची नावे वगळून, येथे देईन.