बाबा नेव्हीत स्टोकर (बोटीचे बॉयलर सांभाळणारे) होते, काही बोलत नाहीत. समुद्रावर राहिलेल्यांनी आठवणी सांगाल का?

परळची_लेक

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या. माझे बाबा १९७४ ला नेव्हीत भरती झाले, पंधरा वर्षं पूर्ण करून ८९ ला बाहेर आले. लोणावळ्याला आयएनएस शिवाजीला ट्रेनिंग आणि मग बराच काळ निलगिरी या युद्धनौकेवर, म्हणजे ती जुनी, माझगाव डॉकमध्ये बांधलेली. नंतर बेलापूर रोडच्या एका कंपनीत बॉयलरवरच लागले आणि तिथूनच रिटायर झाले. आम्हाला घरात एवढंच माहितीये बघा. कधी विचारलं की कसं होतं हो तिकडे, तर उत्तर एकच, "काम होतं."

हे सगळं आत्ता का, तर २०२५ च्या जानेवारीत नवीन निलगिरी इथे मुंबईत डॉकयार्डला नेव्हीत दाखल झाली ना, तो कार्यक्रम टीव्हीवर लागला होता. बाबा सोफ्यावरून उठले आणि शेवटपर्यंत उभेच राहिले, गुडघे दुखतात त्यांचे तरी. संपल्यावर एवढंच म्हणाले, "हिच्यात बॉयलर नाही," आणि आत जाऊन पडले. त्यालाही आता बरेच दिवस झाले पण ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाहीये. वय झालंय, डाव्या कानाने ऐकू कमी येतं, आता नाही विचारलं तर कधी विचारणार. पण नेमकं काय विचारायचं तेच कळत नाही, मला समुद्रातलं एलिफंटाच्या लाँचपलीकडे काही माहीत नाही. तुमच्यापैकी कोणी बोटीवर राहिलं असेल तर तुमचा दिवस कसा जायचा तेवढं सांगा, त्यावरून मी प्रश्न काढीन.

त्यांच्या काही सवयी आहेत त्या पण सांगते, संबंध असेल नसेल. पहाटे तीन चाळीसला उठतात, गजर नाही काही नाही. चहाचा कप अर्धाच भरून घेतात. आंघोळीला अर्धी बादली, उन्हाळ्यात पण. आणि गॅसची ज्योत जरा पिवळी झाली की कुठेही असले तरी उठून येतात आणि बर्नर साफ करायला घेतात, आई वैतागते.

डोंबिवलीचे_चीफ

पोरी, तुझ्या बाबांनी सगळं सांगून टाकलंय की, तुम्हाला ती भाषा येत नाही एवढंच. मी हिमगिरीवर होतो, निलगिरीची पाठची बहीण, ७४ ची. बाहेर पडलो तेव्हा चीफ होतो, म्हणजे नौसैनिकांमधला वरचा हुद्दा, मीही वाफेवालाच.

तीन चाळीसचं आधी सांगतो. बोटीवर चोवीस तास वॉच असतात, म्हणजे कामाच्या पाळ्या, चार-चार तासांच्या. मध्यरात्री बारा ते चार मिडल वॉच, चार ते आठ मॉर्निंग. तशा रोजच्या सहाच झाल्या असत्या आणि त्याच माणसाला रोज तीच रात्र आली असती, म्हणून संध्याकाळचे चार ते आठ दोनदोन तासांत तोडतात, त्याला डॉग वॉच म्हणतात, सात झाल्या की पाळी आपोआप सरकते. आणि चारची वॉच म्हणजे चारला उठायचं नाही, पंधरा-वीस मिनिटं आधी कोणीतरी बंकवर टॉर्च मारून हलवतो, कारण चारच्या आत खाली उतरून समोरच्याकडून सगळं समजून घ्यायचं असतं. तुझे बाबा अजून मॉर्निंग वॉचला उठतायत. मीही उठतो.

आता पाणी. समुद्राच्या पाण्यावर बॉयलर चालत नाही, त्याला एकदम शुद्ध पाणी लागतं, ते बोटीवरच खारं पाणी उकळून वाफ थंड करून बनवायचं. बनलेल्या पाण्यावर पहिला हक्क बॉयलरचा, मग गॅलीचा म्हणजे स्वयंपाकाचा, मग आमचा. पाणी कमी बनलं की बाथरूमचे नळ दिवसातून थोडा वेळच सोडायचे, तेवढ्यात साबण लावून धुऊन मोकळं व्हायचं. अर्ध्या बादलीत बाबांची आंघोळ होते यात नवल नाही. चहा अर्धा कारण पावसाळ्यात बोट अशी झुलते की भरलेला कप म्हणजे भाजलेला हात. कोळी लोक नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या ओढून ठेवतात पण आम्हाला जून-जुलैतही बाहेर जावंच लागायचं, बोट लागायची भल्याभल्यांना, पोटात काही ठरत नाही आणि तरी वॉच चुकवता येत नाही.

गॅसच्या ज्योतीचं वाचून मात्र माझ्या डोळ्यात पाणी आलं. बॉयलरला तेल स्प्रेयरमधून जातं आणि पंख्याने हवा. हवा कमी पडली की चिमणीतून काळा धूर, जास्त झाली की पांढरा. धूर दिसला की वरून ब्रिजवरून, म्हणजे जिथून बोट चालवतात तिथून, लगेच ओरडा, कारण युद्धात तो धूर मैलोन्मैल लांबून दिसतो आणि सगळ्या बोटीचा पत्ता देतो. म्हणून स्प्रेयर काढायचे, तोंडं साफ करायची, परत लावायचे, हे सतत. पिवळी ज्योत म्हणजे जळण नीट होत नाहीये, ते बघून स्टोकर बसूच शकत नाही, आईला सांग वैतागू नका म्हणावं.

आणि तू त्यांना "कसं होतं" असं विचारू नकोस. गेज ग्लास कोण बघायचं ते विचार. बॉयलरमधलं पाणी किती आहे ते एका उभ्या काचेत दिसतं, पाणी खाली गेलं तर नळ्या जळतात, वर गेलं तर पाणी वाफेबरोबर टर्बाइनमध्ये जातं आणि पाती मोडतात. दोन बॉयलर, तीस हजार हॉर्सपॉवर, आणि सगळ्याचा जीव त्या हातभर काचेत. बोट झुलतेय, काचेतलं पाणी वर-खाली होतंय, त्यातून खरी पातळी ओळखायची. उकाडा एवढा की कठड्याला उघडा हात लावता यायचा नाही, कॉटन वेस्ट म्हणजे सुताचा चोथा हातात धरून शिडी उतरायची. आवाजात बोलणं ऐकू यायचं नाही म्हणून खुणा आणि ओठ वाचणं. डावा कान कशाने गेला हे कळलं ना आता. पंधरा वर्षं जिथे बोलताच आलं नाही तिथे राहिलेला माणूस आहे तो.

एक गोष्ट जपून. जुनी निलगिरी ९६ ला निवृत्त झाली आणि ९७ मध्ये सी ईगल क्षेपणास्त्राच्या चाचणीत लक्ष्य म्हणून समुद्रात बुडवली. त्यांना माहीत असेलच, पण तू आधी काढू नकोस.

आरसी_चर्चची_सून

चीफ काकांनी खालचं सांगितलं, मी वरचं सांगते. माझे मिस्टर पण नेव्हीतच, आम्ही नेव्हीनगरला क्वार्टर्समध्ये काढली बरीच वर्षं. तुझ्या आईलाही विचार गं, अर्धी नोकरी तिने केलीये. बोट कुठे चाललीये, कधी येणार, हे घरी सांगायचं नसतं आणि बहुतेकदा त्यांनाच माहीत नसतं. पत्ता कायम एकच, नाव, बोटीचं नाव, मार्फत फ्लीट मेल ऑफिस, मुंबई. बोट अंदमानला असो नाहीतर परदेशात, पत्र त्याच पत्त्यावर टाकायचं. मग महिना महिना काही नाही आणि एकदम बंदरात गठ्ठा मिळायचा. पहिल्या वेळी ह्यांनी सगळी पत्रं उलटसुलट वाचली, मुलाचा ताप उतरल्याचं आधी आणि ताप आल्याचं नंतर, रात्रभर झोपले नाहीत म्हणे. तेव्हापासून मी पाकिटाच्या मागे कोपऱ्यात पेन्सिलने नंबर घालायला लागले, १, २, ३. आमच्या बिल्डिंगमधल्या सगळ्याच बायका मग घालायला लागल्या. तुमच्या घरी जुनी पाकिटं असतील तर मागची बाजू बघ.

आणि हो, परत आल्यावर पहिले दोन दिवस ह्यांना झोप यायची नाही, घर हलत नाही म्हणून.

वेळणेश्वरकर

मी स्वतः नेव्हीत नव्हतो, मामा होता. ७१ च्या युद्धात तो पश्चिम ताफ्यात दुसऱ्या बोटीवर होता आणि त्याचा ट्रेनिंगमधला जोडीदार खुकरी या युद्धनौकेवर. ९ डिसेंबरच्या रात्री दीवच्या समुद्रात पाकिस्तानच्या हंगोर पाणबुडीने खुकरीला टॉर्पेडो मारला, १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले, कॅप्टन मुल्ला बोट सोडून गेले नाहीत. ४ डिसेंबरला नेव्ही डे असतो, कराची हल्ल्याचा, तेव्हा मामा नवीन शर्ट घालून बसायचा आणि पाचच दिवसांनी ९ तारखेला संध्याकाळी ओटीवर समुद्राच्या बाजूला पणती लावायचा. आम्हाला लहानपणी वाटायचं दिवाळीतली उरलीये म्हणून लावतो. विचारायचं राहून गेलं ताई, मामाच्या पत्नीकडून नंतर कळलं. तू विचार.

परळची_लेक

सगळ्यांना काय सांगू, तीन दिवस लिहायला जमलंच नाही. चीफ काका, तुमचं वाचून मी गजर लावून साडेतीनला उठले, दोन अर्धे कप चहा केला आणि बाबा बाहेर आल्यावर विचारलं, गेज ग्लास कोण बघायचं हो? ते माझ्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, "तुला कोणी सांगितलं?" आणि खुर्ची ओढून उजवा कान माझ्याकडे करून बसले.

सात वाजेपर्यंत बोलत होते. त्यांच्या वॉचला सातारकडचा एक नवीन मुलगा होता, जुलैचा महिना, मुंबईहून निघून दुसरी रात्र, त्याला एवढी बोट लागली होती की कमरेला डबा बांधून उभा होता, डब्यात ओकायचा पण मान वळवायचा नाही, नजर काचेवरच. बाबा दोनदा म्हणाले सुट्टी घे, मी उभा राहतो, त्याने हातानेच नाही सांगितलं. हे सांगताना बाबांनी तशीच खूण करून दाखवली, तळहात खाली करून हलवला, आणि मला एकदम आठवलं की आई जेवायला वाढताना बाबा "बस" म्हणत नाहीत, हीच खूण करतात. चाळीस वर्षं आम्ही ती खूण बघतोय. आठला वर आले की पहिला श्वास घेताना छातीत दुखायचं म्हणाले, एवढी गार हवा. परतीच्या वाटेवर कुलाब्याजवळचं प्राँग्जचं दीपगृह दिसलं की खाली खूण करून कळवायचे, आणि खालचे लोक काही न दिसता हसायचे.

निलगिरी बुडवल्याचं मी काढलं नव्हतं, त्यांनीच काढलं. पेपरात वाचलं होतं म्हणाले, सेकंड शिफ्ट होती, कंपनीच्या बॉयलरसमोर उभं राहून वाचलं, आणि मग स्प्रेयर साफ करायला घेतले. पुढे बराच वेळ काही बोलले नाहीत, मीही नाही विचारलं.

आईच्या ट्रंकेत पाकिटं सापडली वहिनी, पण नंबर नाहीयेत, आईने मागे प्रत्येक वेळी तिथी घातलीये.

काल बाबांनी माझ्या मुलाच्या वहीत अख्खी बॉयलर रूम काढली, शिडीपासून, कोण कुठे उभा राहायचा त्या नावांसकट. दोन नावं आठवत नाहीयेत म्हणून अस्वस्थ आहेत. काका, ते विचारतायत तुम्ही हिमगिरीवर कुठल्या साली होतात, आणि फोनवर बोलाल का? जरा मोठ्याने बोलावं लागेल.

डोंबिवलीचे_चीफ

७६ ते ८१. नंबर खाजगीत पाठवलाय. पहाटे चारला केला तरी चालेल म्हणावं.