मदत हवी आहे: तळमजल्यावरचं घर, पावसाचं पाणी आणि घराचा विमा (आईबाबांचं घर स्वतःचं, आमचं भाड्याचं)

नमस्कार. माझे आईबाबा कुर्ला पश्चिमेला सोसायटीत तळमजल्यावर राहतात. घर बाबांच्या नावावर, ४५० चौरस फूट कार्पेट, कर्ज केव्हाच फिटलंय. मी आणि माझा नवरा कलिनात भाड्याने राहतो, तेही तळमजल्यालाच, अकरा महिन्यांच्या करारावर.

२६ जुलै २००५ ला मी शाळेत होते. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला हे नंतर पेपरात वाचलं. आमच्या घरात तो आकडा म्हणजे भिंतीवरची चिखलाची रेघ, आईच्या खांद्याला लागणारी. कपाटं फुगून दारं उघडेनात, गव्हाचं पिंप तरंगत स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत आलं होतं. विमा वगैरे शब्द तेव्हा घरात कुणी उच्चारलाही नव्हता. बाबांनी पुढची तीन वर्षं एकेक वस्तू हप्त्याने घेतली.

ऑगस्ट २०२५ मध्ये पुन्हा पाणी आलं. गुडघ्याएवढंच, पण दारातून यायच्या आधी मोरीतून वर आलं. फ्रिज, वॉशिंग मशीन, दिवाणाच्या आतल्या गाद्या, सगळं गेलं. बाबा आता सत्तरीचे आहेत, त्यांना परत हप्ते फेडायला लावायचे नाहीत, म्हणून या पावसाळ्याआधी विमा घ्यायचाच असं ठरवलंय.

एका एजंटशी बोलले आणि जास्तच गोंधळले. ते म्हणाले, फ्लॅटची बाजारातली किंमत सव्वा कोटी धरून विमा घ्या. मग म्हणाले, सोसायटीची पॉलिसी असेल तर वेगळी लागणारच नाही. आणि माझ्याबद्दल म्हणाले, "घर तुमचं नाही तर विमा कशाचा काढणार?" शिवाय मोरीतून वर आलेल्या पाण्याला पूर म्हणायचं की नाही, यावर त्यांनी सरळ उत्तरच दिलं नाही. माझ्यासाठी तर तोच मुख्य प्रश्न आहे. नदी फुटून आलेलं पाणी आणि आमच्या गल्लीत तुंबलेलं पाणी, दोघांनी फ्रिज सारखाच जातो. कुणी नीट समजावून सांगेल का?

सोसायटीचं काम पाहणारा, चेंबूर

ताई, सोसायटीपुरतं सांगतो. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमावलीप्रमाणे, संस्थेने इमारतीचा आग आणि भूकंपासाठी विमा उतरवायचा असतो. त्यात पूर आहे की नाही हे प्रत्यक्ष पॉलिसीत बघावं लागतं. तुम्ही सभासदाची मुलगी, बाबांच्या नावाने सचिवांकडे लेखी अर्ज देऊन प्रत मागा. पण पॉलिसी कितीही चांगली असली तरी ती इमारतीची. तुमच्या आईच्या फ्रिजचा, कपाटाचा तिच्याशी संबंध नाही. आमच्याकडे दर पावसाळ्यात तळमजल्याचे सभासद हेच विचारायला येतात आणि दरवेळी आम्हाला हेच सांगावं लागतं. वाईट वाटतं.

निवृत्त, सामान्य विमा

ताई, मी तीस वर्षं सामान्य विम्यात (आयुर्विमा सोडून बाकीचे विमे) काढली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

१ एप्रिल २०२१ पासून आयआरडीएआयने (विमा कंपन्यांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) घरांसाठी 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी सगळ्या सामान्य विमा कंपन्यांना ठेवायला लावली. कंपनी कुठलीही असो, मूळ कलमं तीच. त्यात वादळ, चक्रीवादळ यांच्याच ओळीत 'फ्लड' आणि 'इनंडेशन' असे दोन्ही शब्द आहेत. इनंडेशन म्हणजे पाणी चढून जागा बुडणं. नदी फुटलीच पाहिजे अशी अट नाही. तुमच्या मुख्य प्रश्नाचं उत्तर या एका शब्दात आहे.

मोरीचं म्हणाल तर मुंबईत ते असंच होतं. आपली जुनी पर्जन्य गटारं ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली. त्यात भरती असली की समुद्राची पातळी गटारांच्या तोंडांपेक्षा वर जाते, पाण्याला बाहेर जायला वाट उरत नाही आणि ते उलटं फिरून सखल भागातल्या मोऱ्यांमधून वर येतं. बाहेर रस्ता पाण्याखाली आहे आणि त्याच वेळी मोरीतून पाणी आलं, तर ते तुंबलेल्या पाण्याचंच नुकसान. वर्षानुवर्षं भिंतीत मुरलेली ओल, पापुद्रे, बुरशी हे मात्र वेगळं प्रकरण आहे, त्याचे पैसे मिळत नाहीत. म्हणून दाव्यात "घरात ओल आली" असं कधीही लिहू नका. अमुक तारखेला, अमुक वाजता, रस्त्यावर इतकं पाणी आणि घरात इतकं, असं लिहा.

आता रक्कम. सव्वा कोटीचा विमा काढायला सांगणाऱ्याचं ऐकू नका. त्या किमतीत जागेचा भाव आहे आणि जागा वाहून जात नाही. विमा बांधकामाचा, म्हणजे तेवढंच घर पुन्हा बांधायला लागणाऱ्या खर्चाचा. उदाहरण म्हणून चौरस फुटाला ३,००० रुपये धरले तर ४५० गुणिले ३,००० म्हणजे साडेतेरा लाख. तुमच्या भागातला खरा दर एखाद्या कंत्राटदाराला विचारून घ्या. घराचा विमा घेतला की घरातल्या सामानाला त्या रकमेच्या २० टक्के संरक्षण आपोआप मिळतं, कमाल १० लाख. इथे ते २ लाख ७० हजार होतं. सामान जास्तीचं असेल तर यादी देऊन रक्कम वाढवता येते. दागिन्यांना आपोआप मिळणारं संरक्षण लागू नाही, ते वेगळं मागून घ्यावं लागतं.

दोन गोष्टी लोकांना माहीत नसतात. पुरानंतर घर राहण्याजोगं नसेल तर दुसरीकडे राहण्याचं भाडं या पॉलिसीत आहे. आणि पाणी येऊन घर उघडं पडलं असताना सात दिवसांच्या आत चोरी झाली तर तीही धरली जाते.

तुमचं स्वतःचं: भाडेकरूला विमा मिळत नाही हे साफ चूक. भिंती घरमालकाच्या, सामान तुमचं. फक्त घरातल्या सामानाची पॉलिसी तुमच्या नावावर घेता येते, त्यात रक्कम तुम्ही सांगायची. घरमालकाने स्वतःचा विमा काढला असेल तरी तो त्याच्या भिंतींचा. तुमच्या गाद्यांसाठी तो एक रुपया देणार नाही.

मिठीकाठची

आम्ही २०१७ च्या २९ ऑगस्टला यातून गेलोय, म्हणून फक्त दाव्याचं लिहिते. पाणी ओसरलं की आपल्याला पहिली घाई होते ती घर धुवायची. थांबा. आधी व्हिडिओ काढा, भिंतीवरच्या रेघेशेजारी मोजपट्टी धरून फोटो काढा, कंपनीला त्याच दिवशी कळवा आणि दावा क्रमांक लिहून घ्या. सर्व्हेअर, म्हणजे नुकसान तपासणारा माणूस, येईपर्यंत भिजलेलं काही भंगारवाल्याला देऊ नका. दुर्गंधीमुळे ठेवणं अशक्यच असेल तर कंपनीला तसं लेखी कळवून, फोटो काढून मग टाका. माझ्या सासूबाईंनी प्रेमाने सगळं घर धुऊन गाद्या कचऱ्यात दिल्या होत्या, त्या गाद्यांचे पैसे आम्हाला मिळाले नाहीत. तलाठी किंवा पालिकेचे लोक पंचनाम्याला आले तर त्याची प्रत घ्या.

आणि फ्रिज, मशीन वाळवून स्वतः चालू करून बघू नका. शॉक बसू शकतो. गाडी बुडाली असेल तर तीही सुरू करायची नाही. तिचा दावा गाडीच्या पॉलिसीत जातो, आणि पाण्यात सुरू करून इंजिन गेलं तर साध्या पॉलिसीत ते बहुतेक नाकारतात.

धागाकर्ती

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुमचा प्रतिसाद आईबाबांना मोठ्याने वाचून दाखवला. बाबांनी लगेच वही काढून ४५० गुणिले ३,००० स्वतः करून पाहिलं.

आता आईचा प्रश्न. ती घरी ब्लाउज शिवते. पुराच्या दिवशी गिऱ्हाइकांची अकरा कापडं खालच्या कप्प्यात होती, त्यातली दोन पैठणीची. तिने सगळ्यांना स्वतःच्या साठवणीतून भरून दिलं, कुणी मागितलं नव्हतं तरी. ही कापडं आणि तिचं शिलाई मशीन घराच्या पॉलिसीत बसतात का? मशीन १९९४ चं आहे, बिल कुठलं असणार.

निवृत्त, सामान्य विमा

आईंना माझा नमस्कार सांगा.

घराची पॉलिसी आहे घरगुती, स्वतःच्या वस्तूंसाठी. गिऱ्हाइकाचं कापड तुमचं नाही आणि ते धंद्यासाठी आलेलं, त्यामुळे ते त्यात धरून चालू नका. लहान व्यवसायांसाठी १ एप्रिल २०२१ पासूनच 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' नावाची वेगळी पॉलिसी आहे. घरून शिवणकाम चालतं आणि दुसऱ्यांचा माल ताब्यात असतो, हे अर्जात स्पष्ट लिहून कंपनीला विचारा आणि उत्तर लेखीच घ्या. मशीनवर मुख्यतः गिऱ्हाइकांचं काम होत असेल तर त्याचीही नोंद तिथेच करायला सांगा. हे लपवून घराच्या पॉलिसीत घुसवलं तर दाव्याच्या वेळी नेमकं तेच अंगाशी येतं.

आणि पुढे कधी दावा अडला तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार. तीस दिवसांत समाधान झालं नाही तर बीमा लोकपाल, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारे अधिकारी. त्यांचं कार्यालय मुंबईतच आहे, वकील लागत नाही, फी नाही.

बिल नसलं म्हणून वस्तू नव्हती असं होत नाही. मशीनवर पितळी पट्टीवर नंबर असेल, त्याचा जवळून फोटो काढा. आई मशीनवर बसल्यात असा एक फोटो घ्या, मागची भिंत दिसू द्या. घरातल्या प्रत्येक मोठ्या वस्तूचं असंच करा आणि ते फोटो स्वतःच्याच ईमेलवर पाठवून ठेवा, कारण २००५ ला लोकांचे कागद कपाटासकट भिजले होते. पॉलिसी सुरू व्हायच्या आधी झालेलं नुकसान कुणीच देत नाही, तेव्हा हे सगळं मे महिन्यातच उरका.

धागाकर्ती

पट्टी सापडली, काका. तेलाने काळी झाली होती, आईने चिंच लावून घासली. नंबर स्पष्ट दिसतोय.